ससा उठला, पण माणूस उठेना : जॉर्ज कोट्झियास यांची गोष्ट

माझ्या फोनवर दिवसातून चार वेळा एक अलार्म वाजतो. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन आणि संध्याकाळी सात. अलार्म माझ्यासाठी नाही, आजोबांच्या गोळीसाठी आहे. त्यांना पार्किन्सन आहे. गोळीला अर्धा तास उशीर झाला तर आजोबा स्वयंपाकघरात जाताना उंबरठ्यापाशीच थबकतात. पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. पुढे जायचंय हे त्यांना पक्कं कळत असतं, पण पाय ऐकत नाहीत. मग गोळी पोटात जाते, तासाभरात तेच आजोबा चहाचा कप स्वतः उचलून गॅलरीत जाऊन बसतात.

गोळीच्या पाकिटावर दोन नावं आहेत, लेव्होडोपा आणि कार्बिडोपा. लेव्होडोपापासून शरीर डोपामाइन बनवतं. हो, तेच डोपामाइन, ज्याच्यावर तुम्ही आत्तापर्यंत शंभर रील्स तरी पाहिल्या असतील. लाइक आला की डोपामाइन, नोटिफिकेशन आलं की डोपामाइन, आणि महिनाभर फोन बाजूला ठेवला की म्हणे डोपामाइन डिटॉक्स. रील्समधलं सगळंच खोटं असतं असं मी म्हणत नाही. पण मेंदूतल्या डोपामाइनचं जे पहिलं मोठं काम शास्त्रज्ञांच्या हाती लागलं ते मजेचं नव्हतंच, ते हालचालीचं होतं. आणि ते एका सशात दिसलं.

सशात जे पंधरा मिनिटांत घडलं ते माणसात नीट घडवायला पुढे दहा वर्षं गेली. ज्या डॉक्टरने ते घडवलं त्याचं नाव जॉर्ज कोट्झियास. मेंदूच्या डॉक्टरांना हे नाव चांगलंच माहीत आहे, आपल्याला नाही. मला स्वतःला ते आजोबांच्या गोळीमुळे सापडलं.

आधी तो ससा

साल १९५७, स्वीडनमधलं लुंड शहर. अर्विड कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांना रेसर्पिन नावाचं औषध टोचलं. हे औषध मूळचं आपल्याकडच्या सर्पगंधेच्या मुळांतलं. मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन पाहिली होती. त्यावरचा त्यांचा लेख १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि पाश्चात्त्य डॉक्टरांचं या झाडाकडे लक्ष गेलं. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये त्या मुळांतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं.

चेतापेशींच्या टोकाशी बारीक बारीक पिशव्या असतात. डोपामाइनसारखी रसायनं त्यांत भरून ठेवलेली असतात, गरज पडली की बाहेर सोडली जातात. रेसर्पिन या पिशव्या भरूच देत नाही, त्यामुळे साठा संपून जातो. कार्लसन यांचे ससे कान पाडून एका जागी बसून राहिले, हलायला तयार नाहीत. मग त्यांना डोपा टोचला. साधारण पंधरा मिनिटांत कान वर, डोळे उघडे, ससे फिरायला लागले. काही तासांत असर ओसरला आणि ससे पुन्हा होते तसे.

थेट डोपामाइनच का टोचलं नाही? कारण रक्तातून मेंदूत जाताना मध्ये एक कडक पहारा आहे आणि डोपामाइनला तो ओलांडता येत नाही. डोपाला येतो, आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. पुढच्या वर्षी याच गटाने मेंदूतलं डोपामाइन मोजून दाखवलं. रेसर्पिनने ते घटत होतं आणि डोपाने परत येत होतं.

याला म्हणायचं अॅनिमल मॉडेल. माणसाच्या आजाराची नक्कल प्राण्यात उभी करायची आणि आत काय बिघडतं ते पाहायचं. पण नक्कल ती नक्कल. सशाच्या पेशी जिवंत होत्या, फक्त पिशव्या रिकाम्या होत्या. पार्किन्सनमध्ये पेशीच मरतात. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९६० साली व्हिएन्नात ओलेह हॉर्निकिएविझ आणि हर्बर्ट एरिंगर यांनी पार्किन्सनने गेलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. हालचाल सांभाळणाऱ्या स्ट्रायटम या भागातलं डोपामाइन जवळजवळ आटलेलं होतं. पुढच्याच वर्षी हॉर्निकिएविझ आणि वाल्टर बिर्कमायर यांनी रुग्णांच्या शिरेत लेव्होडोपा टोचला. अंथरुणाला खिळलेली माणसं उठून चालली. काही तासांपुरतीच, पण चालली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. ती संपली नाही. इतर डॉक्टरांनी तेच करून पाहिलं तेव्हा कुणाला थोडा फरक दिसला, कुणाला काहीच नाही. डोस जरा वाढवला की रुग्णाला मळमळ आणि उलट्या. उलट्यांचं हे दुखणं तसं जुनंच. १९१३ साली मार्कुस गुगेनहाइम यांनी बाकल्याच्या शेंगांतून डोपा वेगळा काढला, स्वतःच अडीच ग्रॅम खाऊन पाहिला आणि त्यांना भडाभडा ओकाऱ्या झाल्या. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच जणांनी हा नाद सोडला होता.

क्रीटचा मुलगा

कोट्झियास यांचा जन्म १९१८ सालचा, ग्रीसच्या क्रीट बेटावरच्या हानिया गावातला. वडील राजकारणात, पुढे अथेन्सचे महापौर झाले. मुलगा अथेन्समध्ये डॉक्टरकी शिकत होता. १९४१ साली जर्मन सैन्य ग्रीसमध्ये शिरलं आणि या कुटुंबाला देश सोडावा लागला. ते अमेरिकेत पोचले. शिक्षण अर्धवट, त्यात इंग्रजी कच्चं. काही मेडिकल कॉलेजांनी दारातूनच परत पाठवलं. हार्वर्डने घेतलं, आणि १९४३ साली हा मुलगा तिथून डॉक्टर होऊन बाहेर पडला. दोन वर्षांत नवीन भाषा आणि डॉक्टरकी, दोन्ही. आपण एका परीक्षेसाठी तीन ॲप डाउनलोड करतो, असो.

नंतरची काही वर्षं बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आणि न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये गेली. १९५३ साली ते ब्रूकहेवनला गेले, आणि माझ्या मते त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. ब्रूकहेवन ही न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरची सरकारी प्रयोगशाळा. जुन्या लष्करी छावणीच्या जागी अणुसंशोधनासाठी उभी केलेली. तिचं स्वतःचं छोटं हॉस्पिटलही होतं. म्हणजे एकीकडे अणुभट्टी आणि दुसरीकडे खाटा. शहरातल्या गजबजलेल्या हॉस्पिटलात रुग्णाला आठ दिवस ठेवून घेणंही जड जातं. इथे महिनोन्‌महिने ठेवता येत होतं. हे का महत्त्वाचं, ते येईलच.

कोट्झियास यांच्या डोक्यात तेव्हा डोपामाइन नव्हतं, मँगनीज होतं. मँगनीजच्या खाणीतली धूळ वर्षानुवर्षं नाकातोंडात गेली की काही कामगारांना विचित्र आजार होतो. सुरुवातीला वागणं बिघडतं, कारण नसताना हसू फुटतं, मग अंग ताठ होतं, चेहरा निर्विकार, चाल अडखळती. शेवटी माणूस पार्किन्सनच्या रुग्णासारखा दिसू लागतो. शरीरात मँगनीज असतं अगदी किंचित, ते मोजायचं कसं? यासाठी अणुभट्टी कामाला आली. नमुन्यावर न्यूट्रॉनचा मारा करायचा, त्यातलं मँगनीज थोडा वेळ किरणोत्सारी होतं, आणि बाहेर पडणारे किरण मोजून ते किती आहे ते कळतं.

मग ते चिलीतल्या खाणकामगारांपर्यंत पोचले, तिथले डॉक्टर इस्माएल मेना यांच्यासोबत. निघालं ते उलटंच. खाणीत काम करणाऱ्या धडधाकट माणसांच्या अंगात मँगनीज जास्त होतं, आणि आजारी पडून खाण सोडलेल्यांच्या अंगात कमी. म्हणजे धातू निघून गेला होता, नुकसान मागे राहिलं होतं. आता धातू काढून टाकण्यात अर्थ नव्हता. मेंदूतून जे हरवलंय ते परत देता येईल का, हा खरा प्रश्न होता.

चुकीच्या कारणाने बरोबर औषध

आता गंमत बघा. पार्किन्सनमध्ये मेंदूच्या बुडाशी असलेला सब्स्टॅन्शिया नायग्रा नावाचा काळा पट्टा फिका पडतो. या पट्ट्यातल्या पेशी डोपामाइन बनवतात आणि त्यांचे लांब धागे स्ट्रायटमपर्यंत जातात. कोट्झियास यांची नजर मात्र अडकली त्या काळ्या रंगावर, म्हणजे मेलॅनिनवर. हरवलंय ते मेलॅनिन, तर ते परत भरू या, असा त्यांचा हिशेब. म्हणून त्यांनी आधी मेलॅनिन वाढवणारं हॉर्मोन देऊन पाहिलं. रुग्णांची त्वचा काळवंडली आणि कंप आणखी वाढला. मग पाळी आली डोपाची, कारण शरीर मेलॅनिनही डोपापासूनच बनवतं.

ज्या लेखाने पार्किन्सनचा उपचार बदलला त्याच्या शीर्षकात डोपामाइन हा शब्दच नाही. मला हे फार आवडतं. सशाच्या प्रयोगातून डोपामाइनचं गणित नीट समजलेले लोक थांबले होते, आणि रंगाच्या मागे लागलेला माणूस पुढे गेला. पण निव्वळ नशीब म्हणू नका. त्यांनी एक गोष्ट अशी केली जी आधीच्या कुणी नेटाने केली नव्हती.

त्यांनी डोस अगदी थोडा ठेवला, तोही शिरेतून नव्हे तर तोंडाने. तो सहन झाला की थोडा वाढवायचा. मळमळ झाली की थांबायचं. पुन्हा थोडा वाढवायचा. असं आठवडेच्या आठवडे. व्हिएन्नात टोचलेला डोस मिलिग्रॅममध्ये होता, जास्तीत जास्त दीडशेच्या आसपास. ब्रूकहेवनमध्ये काही रुग्ण दिवसाला सोळा ग्रॅमपर्यंत पोचले. सोळा हजार मिलिग्रॅम! इतकं एकदम दिलं असतं तर पोटात टिकलंच नसतं. आणि त्यासाठी रुग्ण महिनोन्‌महिने नजरेसमोर हवा होता. अणुभट्टीशेजारच्या त्या खाटा इथे कामी आल्या.

इतका डोस लागत होता कारण तोंडाने घेतलेल्या डोपाचा मोठा भाग आतडी, यकृत आणि रक्तातच डोपामाइनमध्ये बदलतो. हे बाहेरचं डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही. ते उलटीचं केंद्र तेवढं चाळवतं, कारण ते केंद्र पहाऱ्याच्या बाहेर आहे. मेंदूपर्यंत पोचतो तो फक्त उरलासुरला डोपा. पण डोस हळूहळू वाढला तर उलटीच्या केंद्राला त्याची सवय होत जाते. सशाच्या प्रयोगात हा अडथळा कुणाला दिसलाच नाही. ससा ओकू शकत नाही, त्याच्या शरीराची रचनाच तशी आहे. एका टोचणीने सशाचं भागलं, माणसाला महिने लागले.

फेब्रुवारी १९६७ मध्ये लेख आला. सोळा रुग्ण, त्यातल्या आठ जणांत ठसठशीत आणि टिकून राहिलेली सुधारणा. एक अडचण होती. वापरलेला डोपा दोन रूपांचं मिश्रण होता, उजवा आणि डावा हात असतात तशी एकमेकांची आरशातली रूपं. त्यातलं एकच रूप कामाचं, आणि काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या होत्या. म्हणून पुढे फक्त कामाचं रूप, म्हणजे लेव्होडोपा वापरला. १९६९ साली अठ्ठावीस रुग्णांचा दुसरा लेख आला आणि शंकेला जागाच उरली नाही. त्याच वर्षी त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी अमेरिकेत औषधाला मंजुरी मिळाली. डॉक्टर ऑलिव्हर सॅक्स यांनी ज्या रुग्णांवर अवेकनिंग्ज हे पुस्तक लिहिलं, त्यांना १९६९ मध्ये दिलेलं औषध हेच.

आणि मग ती वळवळ

इथवर आलात तर वाटेल की झालं, जिंकलो. पण त्या १९६९ च्या लेखातच कोट्झियास यांनी वाईट बातमीही लिहून ठेवली होती. निम्म्या रुग्णांमध्ये नको असलेल्या हालचाली सुरू झाल्या होत्या. मान वळते, खांदे नाचतात, हातपाय आपोआप वळवळतात. याला डिस्किनेशिया म्हणतात. आजोबांच्या डाव्या खांद्यात हल्ली ती थोडी दिसते, गोळी घेतल्यावर तासाभराने.

हे कशामुळे होतं ते कळायला पुन्हा प्राण्यांकडेच जावं लागलं, आणि आता रेसर्पिनचा ससा पुरेसा नव्हता. पेशी मेलेला प्राणी हवा होता. १९६८ साली स्टॉकहोमच्या उर्बन उंगरस्टेड यांनी डोपामाइनच्या पेशी मारणारं एक विष उंदराच्या मेंदूत वापरून दाखवलं. विष एकाच बाजूला टोचलं तर उंदीर एका बाजूने लुळा, दुसऱ्या बाजूने ठीक. असा उंदीर गोल गोल फिरू लागतो. किती फिरतो आणि कुठल्या दिशेने, हे मोजून मेंदूची अवस्था वाचता येते. डोपामाइनसारखं काम करणारं औषध दिलं की उंदीर मेलेल्या बाजूपासून दूर, म्हणजे चांगल्या बाजूकडे गरगर फिरतो. त्याचा अर्थ, जिथे डोपामाइन संपलंय तिथेच औषधाचा जोर जास्त चालतोय. उपाशी राहिलेल्या पेशींनी डोपामाइन टिपणारे रिसेप्टर जास्त संवेदनशील करून ठेवले आहेत. थोडंसं डोपामाइन आलं तरी ते दणक्यात घेतात.

निरोगी उंदराला हाच डोपा द्या, वळवळ सहसा होत नाही. धागे मेलेल्या उंदराला रोज द्या, होते. ऐंशीच्या दशकात एमपीटीपी या विषाने पार्किन्सनसारखे झालेले माकडही असंच दाखवू लागले. म्हणजे दोष एकट्या औषधाचा नाही आणि एकट्या आजाराचाही नाही, दोन्ही एकत्र आले की वळवळ.

यात अजून एक भाग आहे, तो तुमच्या फोनवरून चटकन कळेल. नव्या फोनची बॅटरी सकाळी भरली की रात्रीपर्यंत पुरते, मध्ये चार्जर काढला तरी बिघडत नाही. चार वर्षं जुना फोन मात्र झटकन शंभरवर जातो आणि झटकन वीसवर येतो. आजाराच्या सुरुवातीला मेंदूत काही धागे शिल्लक असतात. गोळीतून आलेलं डोपामाइन ते साठवतात आणि बेताबेताने सोडतात, म्हणून एक गोळी बराच वेळ पुरते. (लक्षणं दिसू लागतात तोवर स्ट्रायटममधलं बहुतांश डोपामाइन गेलेलंच असतं, इतके दिवस उरलेल्या पेशी जास्तीचं काम करून वेळ मारून नेत असतात.) पुढे साठवणारेच उरत नाहीत. मग गोळी चढली की वळवळ, उतरली की उंबरठ्यापाशी थबकणं. आजोबांच्या चार अलार्मचं कारण हेच.

कोट्झियास यांनी या चढउताराशीही झुंज दिली. डोपाचं बाहेरच्या बाहेर डोपामाइन होणं रोखणारं औषध जोडून पाहिलं, त्याने डोस खूप कमी झाला आणि उलट्याही. आजोबांच्या पाकिटावरचं दुसरं नाव कार्बिडोपा, ते हेच काम करतं. १९७५ साली मेना आणि कोट्झियास यांनी आणखी एक साधी गोष्ट छापली. प्रोटीन जास्त खाल्लं की लेव्होडोपाचा असर घटतो, कारण प्रोटीनमधली अमायनो आम्लं आणि लेव्होडोपा एकाच दारातून आत जायला धडपडतात. आमच्या डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी अर्धा तास द्यायला सांगितलंय, वरण-दुधाबरोबर नको. मी ते दोन वर्षं पाळत होतो, का ते माहीत नव्हतं. (तुमच्या घरात कुणी हे औषध घेत असेल तर वेळा आणि खाणं आपल्या मनाने बदलू नका. आणि खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपा असतो हे खरं, १९३७ साली मद्रासमध्ये तो त्यातून वेगळा काढलेला आहे, पण बीमध्ये किती आहे हे तुम्हाला कळत नाही. व्हिडिओ बघून चूर्ण सुरू करू नका.)

हा १९७५ चा लेख आला तेव्हा कोट्झियास स्वतः रुग्ण होते. फुप्फुसाचा कॅन्सर. ब्रूकहेवन सोडून ते न्यूयॉर्क शहरात आले होते, कॅन्सरचे उपचार आणि संशोधन दोन्ही तिथेच चालू. या शेवटच्या वर्षांत त्यांचा जीव गुंतला होता उंदरांत. पार्किन्सनच्या नव्हे, साध्या निरोगी उंदरांत. खाण्यातून त्यांना भरपूर लेव्होडोपा द्यायचा आणि किती जगतात ते मोजायचं. मोठ्या डोसवर सुरुवातीला काही उंदीर लवकर मेले. ज्यांच्या शरीराने जुळवून घेतलं ते मात्र नेहमीच्या उंदरांपेक्षा जास्त जगले. तो लेख १९७७ साली छापला गेला. त्याच वर्षी जूनमध्ये कोट्झियास वारले. वय अठ्ठावन्न.